केळवणातली काळी रेघ

अरुणा, माधव,

तुमच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अरुणाला विचारलं, "तुमचे पूर्वज ग्रीस किंवा इटलीकडचे का?" तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने लहान निघाल्या होत्या. लोहाच्या गोळ्या खाऊनही त्या मोठ्या होईनात, आणि असं रक्त भूमध्य समुद्राकाठच्या माणसांत आढळतं एवढंच त्या डॉक्टरांच्या वाचनात होतं. आजी, मी काय सांगू, असं अरुणाने मला विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. पुढच्या वेळी ताठ मानेने सांग की आम्ही इंदूरचे.

हे उत्तर शोधायला म्हणून मी गेले नव्हते. माझा धाकटा भाऊ बापू जुन्या इंदूरमध्ये राहतो. त्याच्या शैलाचं लग्न ठरलं, तिच्या केळवणाला मी पुण्याहून माहेरी गेले. केळवण म्हणजे लग्नाआधी नातलगांनी नवऱ्या मुलीला आणि मुलाला बसवून घातलेलं जेवण. तुम्ही ते कधी पाहिलेलं नाही. हे केळवण तर कोणीच कधी पाहिलं नसेल. तुमचीही लग्नाची वयं जवळ येत आहेत, म्हणून हे सगळं लिहायला बसले आहे.

खंडव्यापासून पुढे

खंडव्याला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसावं लागतं. ही गाडी जणू माहेरचीच माणसं नेते. डब्यात शिरल्या शिरल्या शेजारची बाई शिदोरी सोडते आणि तुम्हाला विचारते की कोणाच्या घरी जाता. नर्मदा ओलांडताना सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. पुढे घाट लागतो. कालाकुंडला गाडीला मागून आणखी एक इंजिन लावतात, आणि ते लागेपर्यंत फलाटावर पळसाच्या पानांच्या द्रोणात कलाकंद मिळतो. मी तो घेतला आणि खिडकीत ठेवला. एका वानराने तो माझ्यादेखत, अगदी सावकाश, हात घालून नेला. डबाभर हसला. शेजारच्या बाईने आपल्यातला अर्धा मला दिला.

ती मालव्यातली शेतकरीण होती. लग्नाला चालले आहे म्हटल्यावर तिने मुलगा कोण विचारलं. मी सांगितलं, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आणि मुलगी? माझ्या भावाची.

"हे राम!" ती म्हणाली. "मामा की छोरी तो बेन होवे, माँसाब!"

मी तिला समजावलं की आमच्यात आतेभावाशी लग्न चालतं. सगोत्र मात्र अगदी चालत नाही. मामाचं गोत्र वेगळं, म्हणून अडचण नाही. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागली, समोरच्याने काही भलतं बोलल्यावर पाहतात तशी. बाहेर पाताळपाणीचा धबधबा बारीक झाला होता. घाट संपला, आणि काळ्या मातीत गव्हाची हिरवी पाती सुरू झाली. मार्गशीर्षातला मालवा पाहिला की मला वाटतं, देवाने सपाट जमीन करायची ठरवली तेव्हा हात इथेच बसवला.

जुनी इंदूर

"जीजी, टांगेवाल्याने किती फिरवलं तुला?" बापूने दारातच विचारलं. जीजी म्हणजे मोठी बहीण. पुण्यात मी वहिनी, आजी, बाई आहे. जीजी फक्त इंदुरात.

"सरळ घेऊन आला."

"मग तो इंदूरचा नसेल," बापू म्हणाला. "आमचा माणूस पाहुण्याला शहर दाखवल्याशिवाय सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे आणि जिलबी. पोहे फोडणीवर परतलेले नाहीत, वाफेवर ठेवलेले, वर बडीशेप आणि शेव. शेव इथे पोह्यांवर असते, भाजीत असते, आणि मी पाहिलं, बापू ती वरणभातावरही घालतो. पुण्यात आपण पानात चटणी कुठे वाढायची यावरून भांडतो. इथे शेव आहे की नाही एवढाच प्रश्न असतो.

ट्रंकेतून मी एक डबा आणि एक बाटली काढली. डब्यात अळिवाचे लाडू, बाटलीत लोहाचं टॉनिक. दोन्ही बाळूसाठी. बाळू म्हणजे माझी बहीण इंदू हिचा नातू, तिच्या मोठ्या मुलाचा मुलगा. चार वर्षांचा आहे, जन्माच्या पहिल्या वर्षापासून आजारी आहे. अंगात रक्त नाही, एवढंच मला पत्रातून कळलं होतं.

बापूची मोठी मुलगी सुधा मेडिकल कॉलेजात रक्ताची तपासणी शिकवते. तिने डबा उघडला, वास घेतला आणि पुन्हा बंद केला.

"आत्या, हे बाळूला नाही द्यायचं. बिल्कुल नाही."

"अगं, अळीव आहे. त्यानं रक्त वाढतं."

"त्याच्या अंगात लोहाची कमी नाही. उलटं, जास्त आहे. दर वेळी बाहेरचं रक्त चढवतो ना, त्यातलं लोह आत साठून राहिलंय. यकृतात, हृदयात. हे लाडू त्याला विष आहेत." मग माझा चेहरा पाहून ती हसली. "बाबांना दे. त्यांना काहीच होत नाही."

बापूने दोन दिवसांत डबा संपवला. टॉनिक सुधाने कपाटात कुलपात ठेवलं. इंदूच्या घरी अशी बरीच प्रेमाची माणसं बाटल्या घेऊन येतात, असं तिने सांगितलं.

त्याच दुपारी मला कळलं की घरात लग्नाची गडबड आहे, पण आनंद दबलेला आहे. बाळूचे आईवडीलही एकमेकांच्या नात्यातले. सुधाचं म्हणणं असं, की या आजाराचा अंश दोघांकडेही असला तरच मूल असं जन्मतं. एकाकडेच असेल तर काही बिघडत नाही; माणूस धडधाकट असतो, फक्त पेशी लहान. आता शैला आणि नवरा मुलगा श्रीकांत, म्हणजे इंदूचा धाकटा, हेही एकाच घराण्यातले. तेव्हा लग्नाआधी दोघांचं रक्त पाहायचं, असा तिचा हट्ट. आणि इंदूचा हट्ट, की पाहायचं नाही.

"शैला काय म्हणते?" मी विचारलं.

"ती म्हणते, पाहा. श्रीकांत पण म्हणतो, पाहा. पण इंदूआत्या म्हणते, पत्रिका जुळली, आता रक्ताची पत्रिका कशाला? ऐकून घेत नाही ना ती. तू मोठी आहेस, आत्या. तूच बोल."

बडा गणपती

इंदूचं घर बड्या गणपतीच्या देवळापासून जवळ आहे. तो गणपती पाहायला मान मागे टाकावी लागते. लहानपणी मला वाटायचं, हा उभा राहिला तर गावाचं काय होईल. दर्शन घेऊन मी तिच्या घरी गेले.

बाळू अंगणात चेंडूला लाथ मारत होता. हात-पाय काडीसारखे, पोट पुढे, गाल पिवळट, आणि कपाळ जरा फुगीर. त्याने मला विचारलं, "तू पुण्याची आजी? तुझ्याकडे लाडू होते ना? मला सुधाआत्यानं सांगितलं, ते बापूआजोबा खाऊन राहिलेत."

"हो. तुला मी दुसरं काही आणीन."

"जिलबी चालेल," तो म्हणाला. "जिलबीत लोह नसतं, मी विचारलंय."

इंदूने चहा दिला. मी विषय काढताच ती उठून गॅलरीत गेली आणि तिथूनच बोलली, म्हणजे तोंड दिसू नये.

"जीजी, तुला काय, तू चार दिवस राहून जाशील. इथे रक्त तपासलं म्हटलं की मोहल्ल्यात काय बोलतील? घराण्यात खोट आहे. माझ्या मुलीचं सासर आहे, तिच्या नणंदा आहेत. उद्या तिच्या पोरीला कोण करून घेईल?"

"आणि खोट असलीच तर?"

"तर ती तपासली नाही म्हणून जाईल का, असं म्हणशील. जात नाही, मला कळतं." ती आत आली. "पण एक पोर मी रोज बघून राहिले, जीजी. दुसरंही असंच होईल, हे आधीच कोणी सांगितलेलं मला ऐकवणार नाही."

मी बाळूबरोबर चेंडू खेळले. तो दमला की खाली बसायचा, आणि मला म्हणायचा की तू दमलीस.

हाडाच्या आत

सुधाने मला कॉलेजात नेलं. प्रवासात लोक देवळं पाहतात, किल्ले पाहतात. मी या प्रवासात हाडाच्या आतला मगज पाहिला. तुम्हाला सांगते, इतक्या दूरच्या जागी मी कधी गेले नव्हते.

बाळूच्या कमरेच्या हाडातून सुईने काढलेला थेंब काचेवर पसरून रंगवलेला होता. सुधाने सूक्ष्मदर्शक नीट केला आणि मला स्टुलावर बसवलं. आधी नुसतं धुकं. मग जांभळे, गुलाबी, निळे गोल, एकमेकांना खेटून, रंगपंचमीच्या गर्दीसारखे.

"रक्त इथे तयार होतं," सुधा म्हणाली. "अन्नाचं रक्त होत नाही, आत्या. अन्न म्हणजे कापूस. गिरणी ही."

इंदूर गिरण्यांचं गाव आहे. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्यांना ही उपमा लगेच कळते. तिने सांगितलं की मगजात काही मूळ पेशी असतात, सगळ्यांच्या आया. त्या फार थोड्या असतात, आणि नुसतं पाहून ओळखू येत नाहीत. त्यांच्यातूनच तांबड्या निघतात, पांढऱ्या निघतात, जखमेवर खपली धरणाऱ्याही निघतात. आणि आई स्वतः संपत नाही, मागे आपल्यासारखी आणखी एक ठेवते.

"कोणी काय व्हायचं, हे कोण ठरवतं?"

"आत हुकूम असतात. प्रत्येक हुकुमाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुझी एक प्रत चांगली असली की काम चालतं. बाळूच्या दोन्ही बिघडलेल्या. म्हणून बघ, केवढी गर्दी. गिरणी तिन्ही पाळ्या चालतेय, पण कापड मागावरच फाटतं. हाडं फुगतात ती त्यामुळेच, गिरणीला जागा पुरत नाही."

मला बाळूचं कपाळ आठवलं.

मग तिने एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात नवलाची वाटली. पोटातल्या बाळाचं रक्त वेगळ्या हुकुमाने बनतं. जन्मल्यावर तो हुकूम हळूहळू मिटतो आणि मोठ्यांचा हुकूम उघडतो. बाळूचा पहिला हुकूम ठीक होता, म्हणून तो जन्मला तेव्हा गुटगुटीत होता. दुसरा उघडायची वेळ आली आणि तो आजारी पडला.

"मग पहिलाच पुन्हा उघडता नाही का येणार?" मी विचारलं.

सुधा माझ्याकडे पाहतच राहिली. "आत्या, जगभरचे मोठे मोठे लोक हेच विचारून राहिलेत. मिटतो कसा हेच अजून नीट कळलेलं नाही." नंतर कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला ती सांगत होती, "ही माझी आत्या. पुण्याहून आलीय. काय प्रश्न विचारला माहीत आहे?" माझी मान खाली होती, पण मनात मी त्या गणपतीएवढी झाले होते.

केळवण

केळवण बापूकडे होतं. बापूची बायको सरोज पहाटेपासून चुलीपाशी होती. दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले गोळे, वांग्याची भाजी, आणि थंडी म्हणून तळलेले गराडू. गराडू म्हणजे कंद. कुरकुरीत तळून त्यावर जिरावन नावाचा मसाला भुरभुरतात. पुरणही होतं, आम्ही मराठी आहोत याची खूण म्हणून.

ताटं मांडण्याआधी सुधाने खिडकीत नळ्यांचा स्टँड ठेवला. नळ्यांत नेमक्या मापाचं मिठाचं पाणी. मागे पांढरा कागद, त्यावर शाईने ओढलेली एक जाड काळी रेघ. साधी गोष्ट होती. नेहमीच्या रक्ताचा थेंब त्या पाण्यात टाकला की पेशी फुटतात, पाणी नितळ लाल होतं आणि मागची रेघ दिसते. अंश असलेल्या माणसाच्या पेशी फुटत नाहीत. पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही.

कोणी पुढे येईना. इंदू दाराशी उभी होती, पदर घट्ट धरून. मुलाची आई नको म्हणत असताना मुलीकडचं कोण हात पुढे करणार?

घरात वयाने मी मोठी. केळवणात पहिला आहेर मोठ्यांचा असतो. मी पाटावर बसले आणि सुधापुढे बोट धरलं. म्हटलं, "नवरा-नवरीला या खेपेला माझा आहेर हाच. घे."

बोटाला टोचलं. थेंब पडला. थोडा वेळ गेला. पाणी गढूळ.

"आत्या, तुझ्यात आहे," सुधा म्हणाली.

अरुणा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या नळीत होतं. माझ्याकडून तुझ्या वडिलांकडे, त्यांच्याकडून तुझ्याकडे. मी आयुष्यभर धडधाकट आहे, तुम्हाला ठाऊक आहे. लपवावं असं मला त्यात काही दिसलं नाही आणि मी ते मोठ्याने म्हटलं.

मग बापूने बोट दिलं. गढूळ. "चला, लाडू फुकट गेले," तो म्हणाला, आणि लोक हसले. हसल्यावर पुढचे पुढे आले. आणि मग, कोणी काही न म्हणता, इंदू आली. पाटावर बसली. डोळे मिटून बोट पुढे केलं. तिचंही गढूळ. आम्ही तिन्ही भावंडं खिडकीत ओळीने उभी होतो, तीन नळ्यांत.

सरोजची रेघ मात्र काळी कुळकुळीत दिसली.

"दिसणारच," सरोज म्हणाली. "मी बाहेरची ना. एवढी वर्षं टोमणे ऐकले, आज पहिल्यांदा बरं वाटलं."

शैलाने बोट दिलं. पाणी गढूळच राहिलं. तिने ते स्वतः वाकून पाहिलं आणि स्टँडमागे उभी राहिली.

शेवटी श्रीकांत. तो शाळेत गणित शिकवतो, शांत मुलगा आहे. थेंब पडला. सगळे खिडकीशी जमले. इंदू सगळ्यांत पुढे.

"दिसते!" ती म्हणाली. "मला दिसते रेघ. अगं सुधा, बघ ना, ही काय... दिसते!"

श्रीकांतने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, नाही दिसत."

सुधाने सांगितलं की ही तर चाळणी आहे, पक्की तपासणी कॉलेजात होईल. पण तिचा आवाज सगळं सांगून गेला. दोघांकडेही अंश, प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक शक्यता की ते बाळूसारखं होईल. आणि तो एक पहिलाच असू शकतो.

तेवढ्यात शैला म्हणाली, "बाफले गार होऊन राहिलेत. बसा सगळे." आणि श्रीकांतकडे पाहून, "तूही. केळवण आहे, दहावं नाही."

ती बसली आणि जेवली. तिला पाहून आम्ही जेवलो. माझ्या घराण्यातल्या पुष्कळ माणसांची पदं आणि पदव्या मी तुम्हाला सांगत आले आहे. त्या दुपारी त्या पोरीने ते ताट संपवलं, ते मी त्या सगळ्यांच्या वर ठेवते.

परत

पक्की तपासणीही तेच म्हणाली. शैला आणि श्रीकांत सायकली घेऊन बाहेर गेले, कुठे ते मी विचारलं नाही. दिवेलागणीला परत आले आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं की लग्न करत नाही. श्रीकांतचे डोळे सुजलेले होते. "साखरपुड्याची साखर परत नको, मामा," तो बापूला म्हणाला. "चहात घाला."

इंदूची मला धास्ती होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे असताना समोरच्या बाईंनी गॅलरीतून हाक मारली, "सुना है शादी टूट गई? गोत्र एक निकल आया क्या?"

इंदू कठड्याशी गेली. या वेळी तोंड लपवलं नाही.

"गोत्र नहीं भाभीजी, खून एक निकला. दोनों का जाँच लिया. आप भी अपनी पोती का जँचवा लो, मेरी भतीजी मुफ्त में देख देगी."

गल्लीभर ऐकू गेलं. आत येऊन तिने चहा केला आणि माझ्यासमोर बसून प्यायली.

निघण्याच्या आदल्या दिवशी बाळूला रक्त द्यायचं होतं. सरोजचा गट त्याच्याशी जुळला. बापू घाबरून गेला. "जीजी, दिलेलं रक्त परत येतं का?" त्याने मला बाजूला घेऊन विचारलं. अजून कितीतरी शिकलेल्या माणसांना वाटतं की रक्त ही पोत्यातली ज्वारी आहे, काढली की कमी.

"येतं," मी सांगितलं. "कुठून येतं ते मी डोळ्यांनी पाहून आलेय."

सरोज पलंगावर आडवी होऊन छताकडे बघत होती. बाळू शेजारच्या खोलीतून विचारत होता की मामीआजीचं रक्त तिखट आहे का.

सुधा मला खोटं सांगत नाही. बाळू किती दिवसांचा सोबती, तिला माहीत नाही. तुम्ही लग्नाचं ठरवाल तेव्हा समोरच्या माणसाचं रक्त पाहून घ्या, लपवू नका, आणि तुमच्या घराण्यात मोठं कोण असं कोणी विचारलं तर शैलाचं नाव सांगा.

गाडी घाट उतरताना मी कलाकंद मांडीवर धरून बसले होते. वानर या खेपेला रिकाम्या हाताने गेलं.

साखरपुडा मोडला. बापू लिहितो, शैला आणि श्रीकांत रविवारी बाळूला सायकलवरून फिरवतात. बाळू आहे. सरोजचं दिलेलं रक्त एव्हाना तिच्या हाडांनी भरून काढलं असेल. आणि अरुणाच्या, माझ्या, शैलाच्या हाडांत आज सकाळीही नवं रक्त तयार झालं, जरा लहान पेशींचं, पण आपलं.